बर्लिनमधल्या दोन शेजारणी (१९३३–३९) : बालनाट्यासाठी नेमके तपशील हवेत

संहिता_बडोदा

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या मुलांसाठी पाऊण तासाचं मराठी बालनाट्य लिहिते आहे. बर्लिनमधली एक इमारत, एकाच जिन्यावर समोरासमोर दोन दारं. एका घरात हेल्गा, जर्मन. दुसऱ्यात मिरियम, ज्यू. दोघी एका वयाच्या. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांची मैत्री कशी तुटत जाते, एवढंच नाटक. कामाला दहा ते चौदा वर्षांची नऊ मुलं आहेत.

पहिला खर्डा असा आहे: १९३५ साली दोघी अंगणात खेळताहेत. मग मिरियमच्या फ्रॉकवर पिवळा तारा येतो आणि तिला शाळेतून काढतात. त्यानंतर काचा फुटतात, आणि शेवटी मिरियम देश सोडून जाते. हेल्गाचे वडील कट्टर नाझी, तेच मैत्री तोडतात.

क्रम कुठेतरी चुकतोय असं वाटतंय. कोणत्या वर्षी या मुलींच्या रोजच्या जगण्यात काय बदललं? घरात, अंगणात, शाळेत काय दिसायला हवं? मुलांना हातात धरता येईल असं काही सांगितलंत तर फार मदत होईल.

दांडियाबाजार

संहिताताई, सगळ्यात आधी तारा काढून ठेवा. जर्मनीत पिवळा तारा लावायची सक्ती १९ सप्टेंबर १९४१ पासून झाली, सहा वर्षांवरच्या सगळ्यांना. काचा फुटल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, ती नोव्हेंबर १९३८ मध्ये, ताऱ्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधी. तुमची मुलगी १९३९ मध्ये देश सोडणार असेल तर तिच्या अंगावर तारा कधी चढतच नाही. ही चूक फार होते, कारण ताऱ्याशिवाय प्रेक्षकाला ज्यू ओळखू कसा यायचा अशी लिहिणाऱ्याची पंचाईत होते. तो ओळखू येत नव्हता, हेच तर दाखवायचं आहे. दोघींचे कपडे, भाषा, वेण्या, खेळ सगळं सारखं होतं.

नावही बदला. बर्लिनच्या ज्यू घरांत त्या काळी मुलींना रूथ, इंगे, हान्नेलोरं अशी चारचौघींसारखी नावं असत. मी पुढे रूथ म्हणतो. ज्यांचं नाव सरकारच्या ठरावीक ज्यू नावांच्या यादीत नव्हतं, अशा ज्यू बाईच्या नावापुढे ‘सारा’ आणि पुरुषाच्या नावापुढे ‘इस्राएल’ जोडायला सरकारने १ जानेवारी १९३९ पासून लावलं. मुलीचं नाव मुळातच ज्यू वळणाचं ठेवलंत तर हा घाव प्रेक्षकाला लागणार नाही.

आता जन्मवर्ष. दोघींचा जन्म १९२७ चा धरा, बाकीचं आपोआप जागेवर बसतं. तिथलं शाळेचं वर्ष तेव्हा ईस्टरनंतर सुरू व्हायचं. सहाव्या वर्षी पहिली, म्हणजे या दोघी एप्रिल १९३३ मध्ये शाळेत जातात. हिटलर ३० जानेवारीला चॅन्सेलर झालेला आहे. १ एप्रिलला, शनिवारी, ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. दुकानांच्या दारात नाझी स्वयंसेवक उभे होते, आणि पहिल्या महायुद्धात लढलेले काही ज्यू दुकानदार छातीला पदकं लावून आपल्याच दारात उभे राहिले. रूथच्या वडिलांचं कापडाचं दुकान आणि एक आयर्न क्रॉस, एवढं धरा. ते पदक तुम्हाला पुढे लागणार आहे.

पहिली चार वर्षं सगळ्यांना एकच प्राथमिक शाळा होती. १९३३ च्या २५ एप्रिलला ज्यू विद्यार्थ्यांवर टक्केवारीची मर्यादा घालणारा कायदा आला, नव्या प्रवेशांत फक्त दीड टक्का. पण तो माध्यमिक आणि वरच्या शिक्षणाला होता, सक्तीच्या प्राथमिक शाळेला नव्हता. म्हणून १९३३ ते १९३७ दोघी एका बाकावर बसू शकतात. वर्गात ‘वंशशास्त्र’ शिकवलं जातं, शिक्षक आत येताना हात वर करून सलाम करतात, पण बाक एकच. या चार वर्षांत गोष्टी थोड्या थोड्या तुटतात. १५ सप्टेंबर १९३५ ला ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे आले. त्यांत एक कलम असं की ज्यू घरात पंचेचाळीस वर्षांखालची जर्मन बाई कामाला ठेवायची नाही. ते १ जानेवारी १९३६ पासून लागू झालं. रूथला लहानाची मोठी करणारी मोलकरीण नव्या वर्षाच्या आधी निघून जाते. नागरिकत्वाच्या भाषणापेक्षा मुलाला हे आधी कळेल.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिक. पाहुणे येणार म्हणून बर्लिनमधल्या ज्यूविरोधी पाट्या काही आठवडे उतरवल्या गेल्या. रूथच्या आईला वाटतं, ओसरलं बहुतेक. हा छोटा प्रवेश ठेवाच, नाहीतर ‘ही माणसं आधीच का निघून गेली नाहीत’ हा प्रश्न प्रेक्षक घरी घेऊन जातो.

खरी फट १९३७ ची. दोघी दहा वर्षांच्या होतात आणि एकाच वसंतात दोन गोष्टी घडतात. हेल्गा ‘युंगमेडेल’मध्ये जाते, म्हणजे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींची नाझी संघटना. भरती २० एप्रिलला, हिटलरच्या वाढदिवशी. गडद निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज. गळ्यातला काळा रुमाल आणि त्याची चामड्याची गाठ मात्र चाचणी उतरल्यावरच मिळायची. सक्ती कायद्याने १९३९ मध्ये आली, पण शाळेचा आणि शेजाऱ्यांचा दाब आधीपासून होता. बुधवारची दुपार आणि शनिवार त्यात जायचा, म्हणजे दोघींचे खेळायचे दिवस गेले. आणि त्याच वेळी माध्यमिक प्रवेश. आघाडीवर लढलेल्यांच्या मुलांना त्या दीड टक्क्यातून सूट होती. रूथला प्रवेश मिळतो तो बापाच्या आयर्न क्रॉसवर. हेल्गाला आपल्या गुणांवर मिळतो, रूथला तितकेच गुण असून पदक दाखवावं लागतं. खरं तर तोवर निम्म्याहून जास्त ज्यू मुलं ज्यू शाळांत गेली होती, त्यामुळे रूथ वर्गात एकटीच असेल.

१९३८ मध्ये सगळं एका श्वासात येतं. ५ ऑक्टोबरला ज्यूंचे पासपोर्ट रद्द, लाल ‘J’चा (‘Jude’, म्हणजे ज्यू) शिक्का मारून घेतला तरच वैध. ९ नोव्हेंबरची बुधवारची रात्र आणि १० ची सकाळ. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जळत असताना अग्निशामक दल समोर उभं होतं; शेजारच्या जर्मन इमारतींना आग लागू नये एवढंच बघायचा हुकूम होता. जवळजवळ तीस हजार ज्यू पुरुष धरून छावण्यांत नेले, बर्लिनचे बहुतेक साक्सेनहाउझेनला. १२ तारखेला ज्यूंवरच शंभर कोटी मार्कांचा दंड बसवला आणि त्यांना सिनेमा-नाटकाला बंदी घातली. १५ तारखेला उरलेल्या सगळ्या ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढलं. म्हणजे तुमच्या खर्ड्यात उलट झालंय: आधी काचा, मग शाळा.

वडील काही आठवड्यांनी परत येऊ शकतात. देश सोडण्याचे कागद तयार असले की सोडत असत. ते घरात येतात पण हॅट काढत नाहीत, कारण डोकं भादरलेलं आहे. रूथ हॅट काढायला हात लावते, एवढा प्रवेश संवादाशिवाय होईल.

खसखस

घरातलं थोडं सांगते. १९३३ मध्ये ज्यूंचा पेसाखचा सण ११ एप्रिलला आला आणि ईस्टर १६ ला. म्हणजे एकाच आठवड्यात रूथच्या घरून समोर मात्झा जातो आणि हेल्गाच्या घरून रंगवलेली अंडी येतात. अशी देवाणघेवाण शेजाऱ्यांत होत असे. फक्त एक जपा: पेसाखच्या आठ दिवसांत ज्यू घरात आंबवलेला पाव चालत नाही, म्हणून हेल्गाच्या आईने केक पाठवला तर चूक होईल. शेजारीण मुरलेली असेल तर तिला हे ठाऊक असतं, आणि हेल्गा केकची बशी दारातून परत नेते असं दाखवलंत तर तेही बोलकं होईल. पुढच्या वर्षांत हीच बशी कुठे थांबते ते बघा.

मात्झा म्हणजे यीस्ट नसलेली पातळ कडक रोटी. बडोद्यात तिच्या इतकं जवळचं दुसरं काही नाही: साधा मैद्याचा खाखरा. जिरं-मेथी घातलेला नको. लाटलेली पोळी चौकोनी कापून काट्याने सरळ रांगांत टोचा आणि तव्यावर दाबून भाजा, डाग पडले पाहिजेत. स्टेजवर मोडताना ‘कट्’ असा आवाज येतो, तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो. आदल्या दिवशीचा मऊ पडला असेल तर पुन्हा भाजून घ्या.

शुक्रवारी संध्याकाळी दोन मेणबत्त्या आणि वेणी घातलेला पाव. जर्मन ज्यू त्याला ‘बेर्खेस’ म्हणत, वर खसखस. बेकरीवाल्याला तीन पेडांची वेणी घालून द्यायला सांगा.

गुजरातेत बसवताना एक गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. अहमदाबादचं सिनेगॉग १९३४ चं, योगायोगाने याच काळातलं. हिब्रू शब्दांचा उच्चार विचारायचा तर त्या मंडळींना जरूर विचारा. पण त्यांचा मालिदा, मेंदी, हिरवा चुडा बर्लिनच्या घरात घालू नका. ते कोकणातून आलेलं आहे. उलट बऱ्याच बर्लिनकर ज्यू घरांत डिसेंबरमध्ये ख्रिसमसचं झाडसुद्धा असायचं.

पहिल्या दिवशी शाळेत जाताना मुलाच्या हातात खाऊचा मोठा पुठ्ठ्याचा कोन देतात, ‘शुलट्युटं’. सहा वर्षांच्या मुलाच्या जवळजवळ कमरेपासून डोक्यापर्यंत येतो. ड्रॉइंग शीटचा दोन-अडीच फुटी कोन करा, तोंडाला क्रेप कागद लावून रिबिनीने बांधा. खालच्या अर्ध्या भागात रद्दीचे बोळे भरायचे आणि वर खाऊ, तिथले आईबापही असंच करत. दोघींचे कोन सारखे ठेवा.

संहिता_बडोदा

दोघांचेही मनापासून आभार. नाव रूथ केलं, तारा काढला, प्रवेशांची वर्षं १९३३, १९३६, १९३७, १९३८, १९३९ अशी लावली.

अजून तीन अडचणी आहेत. बापाने दटावलं म्हणून हेल्गा बोलणं टाकते, हे आता मला फार सोपं वाटतंय. दुसरं, नाझी झेंडा आणि हात वर करणं मुलांकडून करून घ्यावं का? तिसरं, शेवटी १९४० मध्ये हेल्गा इंग्लंडला रूथला लांबलचक पत्र लिहिते असा प्रवेश आहे, तो चालेल का?

नेपथ्य

झेंड्याचं सांगतो. ‘नाझी स्वस्तिक उलटं असतं’ असं सर्रास म्हणतात, ते खरं नाही. आपण दारावर काढतो त्याची वळणाची दिशा आणि त्यांच्या चिन्हाची दिशा एकच आहे. त्यांचं पंचेचाळीस अंशांत तिरकं, काळं, पांढऱ्या वर्तुळात, लाल कापडावर, आणि त्यात आपले चार ठिपके नाहीत. बडोद्याच्या प्रेक्षकाच्या उंबऱ्यावर रोज स्वस्तिक असतं, त्यामुळे स्टेजवर ते आलं की लक्ष तिकडे जाणार आणि मध्यंतरात चर्चा त्याचीच होणार. नुसती लाल पट्टी आणि पांढरं वर्तुळ पुरतं. वर्तुळ रिकामं ठेवा. सलामही नको. शिक्षक आत येतात तेव्हा आठ मुलं खुर्च्या मागे सारून एकदम उभी राहतात आणि रूथ एक क्षण उशिरा उठते, त्या आवाजात काम होतं. खुर्च्या लाकडी हव्यात, प्लास्टिकच्या नकोत.

अंगणासाठी एक वस्तू घ्या, बाकी सेट नसला तरी चालेल. बर्लिनच्या इमारतींच्या मागच्या चौकात गालिचे टांगून झोडपायची लोखंडी आडवी दांडी असे. मुलं तिच्यावर लोंबकळायची, उलटी लटकायची. सगळ्या प्रवेशांत तीच राहील. दीड इंची जीआय पाइप, पाच फूट उंच, सहा फूट रुंद. फॅब्रिकेटर सहसा सरळ उलट्या टी-आकाराचे पाय लावून देतो आणि मूल पुढे-मागे झोके घेऊ लागलं की सगळं तोंडावर येतं. पाय पुढे-मागे तीन तीन फूट काढा, दोन्ही बाजूंना तिरके आधार जोडा, तळाशी प्रत्येकी दोन वाळूच्या गोणी ठेवा आणि त्यांच्यावर राखाडी कापड टाका. सगळ्यात वजनदार माणसाने आधी लटकून बघायचं, मगच मुलांना हात लावू द्यायचा.

दांडीशेजारी खडूने ठिकरीचं घर आखा. तिकडेही हाच खेळ, शेवटच्या घराला ते ‘स्वर्ग’ म्हणतात. १९३७ नंतर हेल्गा गणवेशात त्यावरून चालत जाते, उडी न मारता.

काचा स्टेजवर फोडू नका, साखरेची काचही नको, अनवाणी मुलं असतात. जाड गोणपाटाच्या पोत्यात फुटक्या टाइल्स आणि बाटल्या भरा, तोंड दुहेरी शिवा, आणि विंगेत पत्र्याच्या पिंपात ते तीन फुटांवरून सोडा. एकदाच. नंतर काहीच आवाज नाही, फक्त रस्त्यावरची झाडूची खरखर. रेकॉर्डेड आवाज हॉलच्या स्पीकरमधून भांडी पडल्यासारखा येतो.

सुरसागर

एक सावधगिरी. गुजरातेत हा विषय काढला की कोणीतरी जामनगरच्या बालाचडीची पोलिश मुलं यात घाला असं सुचवणारच. ती वेगळी गोष्ट आहे. ती मुलं बहुतांश कॅथलिक, सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हद्दपार केलेल्या कुटुंबांतली, आणि ती १९४२ मध्ये आली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणीही पोलिश निर्वासितांचीच.

बडोद्याचा खरा धागा हवा असेल तर तो कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आहे. एर्न्स्ट कोन-वीनर हे जर्मन ज्यू कला-इतिहासकार. १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली आणि १९३४ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना इथे बोलावून म्युझियमचं काम सोपवलं. १९३९ पर्यंत ते बडोद्यात होते, मग अमेरिकेला गेले, १९४१ मध्ये वारले. म्हणजे रूथ तिकडे वाढत होती, त्याच वर्षांत बर्लिनचा एक ज्यू विद्वान आपल्या म्युझियमच्या दालनांत चित्रं लावत होता. नाटकात घुसवू नका, माहितीपत्रकात चार ओळी द्या. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या जर्मन पासपोर्टवाल्यांना शत्रुदेशाचे म्हणून अहमदनगरच्या छावणीत ठेवलं, त्यात नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते. पुढे चौकशी होऊन त्यांतल्या बऱ्याच जणांना सोडलं.

दांडियाबाजार

हेल्गाच्या बापाबद्दल. कट्टर नाझी करू नका, टपाल खात्यातला कारकून करा. ऑगस्ट १९३४ पासून सरकारी नोकरांना हिटलरच्या नावाने शपथ घ्यावी लागे. ज्यू दुकानात खरेदी केली, ज्यूंकडे येणं-जाणं ठेवलं, तर नोकरीवर गदा. आणि हे वर कळायचं कसं? चाळीस ते साठ घरांमागे पक्षाचा एक ‘ब्लॉकवार्ट’ असे. तो वर्गणी गोळा करायला दारोदार फिरायचा आणि कोण कोणाकडे बसतं ते त्याला दिसायचं. गेस्टापोची, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची, माणसं मोजकी होती. उरलेल्या फायली बघितल्या तर असंख्य चौकश्या शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून सुरू झालेल्या दिसतात. म्हणून बाप ओरडत नाही. आई फक्त म्हणते, ‘मागच्या जिन्याने जा.’ बर्लिनच्या बऱ्या वस्तीतल्या घरांना नोकरांसाठी मागचा जिना असायचा. १९३६ मध्ये हेल्गा पुढच्या दाराने जाते, १९३७ मध्ये मागच्या जिन्याने, १९३८ मध्ये फक्त दांडीपाशी भेटते आणि १० नोव्हेंबरनंतर जिन्यात समोर आल्यावर भिंतीकडे बघते. चार पायऱ्या, आणि कोणी एकानेही ‘बोलू नकोस’ म्हटलेलं नाही.

हेल्गाला थोर करायचा मोह टाळा, दुष्टही करू नका. अकरा वर्षांची आहे ती.

रूथ निघते ती १९३९ च्या उन्हाळ्यात, ज्यू मुलांना इंग्लंडला पोचवणाऱ्या खास गाड्यांतून. पहिली तुकडी २ डिसेंबर १९३८ ला इंग्लंडच्या हार्विच बंदरात उतरली, जर्मनीतून शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ ला सुटली. सतरा वर्षांखालची मुलं, आईबाप नाहीत. एकूण सुमारे दहा हजार. सोबत एक बॅग, रोख दहा मार्क, दागिना किंवा किमती वस्तू नाही, गळ्यात नंबराचं कार्ड. म्हणजे आयर्न क्रॉस घरीच राहतो. हॉलंडची हद्द लागल्यावर फलाटावर डच बायकांनी कोको आणि पांढरा पाव दिला, ही आठवण त्या मुलांपैकी कित्येकांनी सांगितली आहे.

आता पत्र. १९४० मध्ये जर्मनीतून इंग्लंडला थेट टपाल बंद होतं. मे १९४० पर्यंत हॉलंडमधल्या ओळखीच्यांमार्फत काही पत्रं जात. त्यानंतर मुख्य रस्ता रेडक्रॉसचा: जिनिव्हामार्गे जाणारा छापील फॉर्म, जास्तीत जास्त २५ शब्द, फक्त घरगुती खुशाली, दोन्हीकडे सेन्सॉर, पोचायला कित्येक महिने. तो मुख्यतः नातेवाइकांसाठी होता. हेल्गा लिहू शकत नाही, रूथची आई लिहू शकते, आणि नावात तिला ‘सारा’ लिहावंच लागतं. लांबलचक पत्राऐवजी हे घ्या: आई जेवणाच्या टेबलावर बोटं मोजत शब्द जुळवते. ‘आम्ही बरे. बाबा काम करतात. गरम मोजे घाल.’ असं करत बाविसाव्या शब्दावर येते. दारावर मागच्या जिन्याकडून टकटक होते. हेल्गा आत येत नाही, उंबऱ्यावरूनच तीन शब्द सांगते. ते कोणते हे तुम्ही ठरवा, पण तिचं नाव त्यात येता कामा नये. ऑक्टोबर १९४१ च्या हुकुमानंतर ज्यूंशी उघड मैत्री दाखवणाऱ्या जर्मनाला तीन महिन्यांपर्यंत कोठडी होती, म्हणून हा प्रवेश त्याच्या आधीचा, १९४० चाच ठेवा.

मराठीत २५ शब्द जर्मनपेक्षा जास्त मजकूर धरतात. प्रत्यय जोडून येतात, त्यामुळे तालमीत खरोखर मोजून घ्या, आईच्या नटीला बोटांवर चुकता येणार नाही. आणि फॉर्म एकाच कागदाचा करा. उत्तर त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून परत येई, तेही २५ शब्दांतच.